थोरल्या रानातला एकटा नर

दत्ताराम भावजी आणि मी नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. अंगणाला अंगण लागलेलं, मधे जास्वंदीचं कुंपण, आणि बोलणं बंद. निरोप द्यायचाच झाला तर कोंबड्यांना उद्देशून द्यायचा. "कोणाची म्हैस आमच्या परड्यात शिरली गो बायांनो," असं मी कोंबड्यांना विचारायचे आणि पलीकडून भावजी मुकाट्याने येऊन म्हैस घेऊन जायचे. आम्हाला पुन्हा बोलतं केलं ते एका खवल्या मांजराने. ते मांजर तेव्हा गावात कोणालाच दिसत नव्हतं.

भांडण होतं थोरल्या रानाचं. सोळा हेक्टर. सातबारावर दोन नावं, दत्ताराम गोताड आणि शेवंती गोताड. म्हणजे मी. आधी माझ्या जागी मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव होतं. आमच्याकडे रान खाजगी असलं की पंधरा वर्षांनी ते ठेकेदाराला तोडीला द्यायचं, ही रीत. खोडं जमिनीपासून वीतभर ठेवायची, त्यांना पुन्हा फुटवा येतो, की पुन्हा पंधरा वर्षं थांबायचं. मालक गेले त्याच वर्षी तोडीची पाळी आली आणि मी सही दिली नाही. लोकांनी नाना कारणं लावली. खरं कारण एवढंच, की एका वर्षात दोन गोष्टी जाताना मला बघायच्या नव्हत्या. पण हे भावजींना सांगणार कसं? मी नुसतं नाही म्हटलं आणि ते उठून गेले.

मग दोन हजार एकेचाळीस साली सरकारची 'रानसोबत' योजना आली. आमच्या भागात निम्म्याहून जास्त जंगल लोकांच्या मालकीचं. सरकारला ते विकत घेणं परवडत नाही, राखणं जमत नाही. म्हणून भागीदारी. मालकाने झाड तोडायचं नाही, सरकारने दरसाल मदत द्यायची, रान दोघांनी मिळून सांभाळायचं. असल्या योजना आधीही येऊन गेल्या. साहेब जीपमधून यायचे, चार झाडं मोजायचे, घावनं खायचे आणि जायचे. रानात नक्की काय जगतंय ते कोणाला सांगता यायचं नाही, मग मदत कशावर द्यायची? या वेळी पेटी होती.

पेटीचं काम मला पाध्ये मॅडमनी समजावून सांगितलं. त्या योजनेच्या अधिकारी, वय पस्तिशीचं, चालायला काटक. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली, त्यामुळे मला समजावणं त्यांना सोपं गेलं असावं. जिवंत असलेली प्रत्येक गोष्ट सारखी झडत असते. कातडीचा कोंडा, पिसांची धूळ, केस, श्वासातले थेंब. त्यातल्या कणाकणात डीएनएचा धागा असतो, आणि तो कोणाचा आहे हे त्याच्यावर लिहिलेलं असतं. पेटी महिनाभर रानातली हवा आत ओढते आणि पापडाएवढ्या पांढऱ्या चकतीतून गाळते. चकतीवर जे अडकतं ते प्रयोगशाळेत धुऊन वाचतात. वाघ बघायला नको, वाघ या वाटेने श्वास घेऊन गेला एवढं पुरे. धागा ताजा असला तर लांबलचक मिळतो, जुना असला तर त्याचे आखूड तुकडे पडलेले असतात. माणसाचे धागे वाचत नाहीत, कायद्याने ते आधीच पुसून टाकतात.

"म्हणजे कोण कोणाबरोबर रानात गेलं ते कळणार नाही," मी म्हटलं.

"नाही कळणार, शेवंतीताई," मॅडम हसल्या. "तुमच्या गावाची शांतता अबाधित."

योजनेत दोन दर्जे होते, साध्या रानाला सामान्य आणि दुर्मिळ जनावर असलेल्या रानाला वरचा. सामान्य दर्जाला मालकांनी कुऱ्हाड बंद ठेवायची, बाहेरून आणून लावलेली झाडं सोडून, बाकी वहिवाट चालू. भावजींनी तलाठ्यासमोर माझ्याकडे न बघता सही केली, तीही दोनच वर्षांची. "दोन वर्षांनी तोड," हे ते तलाठ्याच्या टेबलाला म्हणाले. मी चकतीवाली झाले. दर महिन्याला पेटीतली चकती काढायची, नवी बसवायची, जुनी पाकिटात घालून पाठवायची. पहिली चकती मॅडमनी स्वतः मे महिन्यात बसवली. बाकीच्या एका पत्र्याच्या डब्यात माझ्या हवाली केल्या आणि बजावलं, "हातमोजे घातल्याशिवाय शिवायचं नाही. आणि कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की चकती गेली."

कोरड्या जागी. मॅडम मूळच्या सोलापूरच्या. आमच्याकडे जूनपासून मीठ बरणीतून वाहतं, काडेपेटी पेट घेत नाही, पत्र्याच्या डब्याला आतून घाम सुटतो. पावसाळ्यात कोकणातल्या घरात एकच जागा कोरडी असते, ती म्हणजे भाताची कणगी. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. जे जपायचं ते आम्ही भातात पुरतो. माझं लग्नातलं घड्याळ, नातवाचा जन्मदाखला, कापूर, सगळं तिथेच. चकत्या मी डब्यातून काढल्या, पातळ धुतलेल्या फडक्यात गुंडाळल्या आणि कोपरापर्यंत हात घालून भातात खोल ठेवल्या. हातमोजे घातले होते, हे मुद्दाम सांगते.

ऑक्टोबरात पहिला अहवाल आला. एकशे त्रेचाळीस जीव. ऐन, किंजळ, बेहडा हे तर दिसतच होते. शेकरू, साळिंदर, उदमांजर, बिबट्या, तीन जातींची वटवाघळं. एकसष्टाव्या ओळीत लिहिलं होतं, खवल्या मांजर, नर, एक. शेरा : तुकडे आखूड.

पाध्ये मॅडम त्याच दिवशी धावत आल्या. अख्ख्या जिल्ह्यात बारा वर्षं खवल्याची नोंद नव्हती. मे महिन्याच्या चकतीवर तो नव्हता, जूनपासून दर महिन्याला होता. मॅडम म्हणाल्या, पावसाने वाळवी वर येते, तिच्यामागून तो आला असणार. तुकडे आखूड का, तर दमट हवेत धागे तुटतात. सगळं पटण्यासारखं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी भावजी कुंपणाच्या फटीतून आमच्या अंगणात आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"वैनी, ते खरं हाय?"

"कागदावर तरी हाय."

ते ओटीवर बसले. मी चहा ठेवला. साखर किती घालायची ते मला आठवत होतं, याचं माझं मलाच नवल वाटलं. चहा प्यायले, कप उपडा ठेवला आणि गेले. पण आठ दिवसांत रानाला वरचा दर्जा मिळाला, तीस वर्षांचा करार आला आणि त्यावर भावजींनी माझ्याआधी सही केली. तोडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मग तर ते रानाचेच झाले. रोज उजाडता उजाडता काठी घेऊन वर जायचे ते न्याहारीला परत. येताना माझ्या ओटीवर थांबायचे आणि काय काय दिसलं ते सांगायचे. नाल्यावरच्या बेहड्याच्या ढोलीत ककणेराची, म्हणजे धनेशाची मादी बसलीय, नर दर अर्ध्या तासाने उंबर आणून भरवतो. दोन किंजळांच्या मधे शेकरूने चार घरटी बांधलीत आणि राहते एकात. आग्या मोहोळ या वर्षी ऐनावरून जांभळीवर गेलं. बासष्ट वर्षं ते याच रानाखाली राहिले होते, पण त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. खवल्या तेवढा दिसत नव्हता.

"लाजरा असतो," भावजी म्हणायचे. "त्याला जोडीदारीण मिळायला हवी."

अहवालात मात्र दर महिन्याला तोच नर यायचा. तोच एक.

वरच्या दर्जाबरोबर एक अट आली होती. रानाचा मधला भाग बंद, माणूस नाही, गुरं नाहीत. आणि त्या मधल्या भागातूनच धनगरवाड्याची वाट खाली येते. भागी झोरे त्या वाटेने तीस वर्षं दूध घेऊन डेअरीत जाते. माझी मैत्रीण, म्हणजे दर शनिवारी माझ्याकडे लोण्याचा गोळा ठेवून अर्धा तास बसणार आणि सुनेच्या कागाळ्या सांगणार, इतकी मैत्रीण. वाट बंद झाल्यावर तिला घळीला वळसा घालून यावं लागायला लागलं. चाळीस मिनिटांचे अडीच तास झाले. उन्हाळ्यात डेअरीत पोचेपर्यंत दूध नासायचं. एकदा ती जुन्या वाटेने उतरली तर भावजींनी काठी आडवी धरून तिला परत पाठवलं.

ती माझ्याकडे आली, तेव्हा लोणी नव्हतं.

"शेवंते, तीस वर्षं मी त्या वाटेने चालते. कुठल्या म्हशीचं शेण ते ओळखते मी. खवल्या वाळवीचं वारूळ फोडतो, बीळ उकरतो, माती उपसतो. कुठं हाय ती माती? दाखव मला."

"पेटी सांगते ना गो."

"पेटीला दूध घालायचं नाय डेअरीत," ती म्हणाली आणि पाणीसुद्धा न पिता गेली.

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, रान उभं होतं आणि माझा दीर माझ्या ओटीवर चहा पीत होता. मी भागीचं बोलणं बाजूला ठेवलं.

दुसऱ्या वर्षीच्या राखणीला, म्हणजे शिवेवरच्या राखणदाराला कोंबडा देतात त्या दिवशी, भावजींनी मला गोष्ट सांगितली. कोंबडा शिजत होता, बाकीची मंडळी पाण्याला गेली होती.

"मी आणि दादाने मारलेला एक खवल्या," ते म्हणाले. दादा म्हणजे माझे मालक. "मी एकवीस वर्षांचा. वरच्या धारेला बीळ सापडलं, धूर केला, बाहेर आला. आला तो गोल झाला. काय केलं तरी उलगडेना. दादा म्हणाला, असाच नेऊ. मीच गोणीत घातला. घरी नेईपर्यंत त्याचं काळीज माझ्या पाठीला लागत होतं, वैनी. त्यानंतर कोणाला बीळ दिसलं नाय, काय नाय. मी बघत होतो की. कोणाला न सांगता बघत होतो. मला वाटायचं, तोच शेवटचा." त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "पेटीने सांगितलं, नाय म्हणून."

तेव्हा मला कळलं की त्यांनी करारावर सही का केली.

तिसऱ्या उन्हाळ्यात कणगी रिकामी करून सारवायला काढली. तळाशी एक चिंधीची पुरचुंडी निघाली. सासूबाईंनी मी नवी नवरी असताना सांगितलं होतं, तळाशी आहे ते हलवू नको, त्याने भाताला कीड लागत नाही. सासूने सांगितलं आणि सुनेने विचारलं नाही, असं ते चाळीस वर्षं तिथे होतं. दर साली सारवताना मी ती पुरचुंडी उचलून कोनाड्यात ठेवायचे आणि परत तळाशी घालायचे. या वेळी चिंधी कुजून फाटली होती. आतून बोटाच्या तीन पेरांएवढं एक खवल माझ्या हातात पडलं. पिवळट, शिंपल्याच्या आकाराचं, कडेला जुनं रक्त वाळून काळं झालेलं. हातावर त्याचा भुगा राहिला.

मी अंगणवाडीत मुलांना शिकवलेली बाई. दोन आणि दोन करायला मला वेळ लागला नाही. मॅडमनी लावलेल्या चकतीवर खवल्या नव्हता. माझ्या कणगीतल्या चकत्यांवर होता. तुकडे आखूड, कारण धागा चाळीस वर्षांचा. दर महिन्याला तोच नर, कारण दुसरा येणार कुठून? तो रानात नव्हताच. तो माझ्या भातात होता.

तीन दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. काही करायची गरजच नव्हती, ही खरी अडचण. खवल नव्या चिंधीत बांधायचं, होतं तिथे ठेवायचं, वर भात ओतायचं. रान तीस वर्षं उभं राहिलं असतं. भावजींना शांत झोप लागली असती. खरं सांगितलं तर करार मोडणार, तोडीला मोकळीक होणार आणि पुन्हा कोंबड्यांशी बोलायची पाळी येणार. मला त्या तिन्हींची भीती वाटत होती, आणि सर्वांत जास्त शेवटच्या गोष्टीची. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

चौथ्या दिवशी कळलं की भागीने म्हशी विकायला काढल्यात.

मी खवल पदरात घेऊन कुंपण ओलांडलं. भावजी पडवीत काठीला नवी मूठ बसवत होते. मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांना काही विचारावं लागलं नाही, त्यांनी ते बघताक्षणी ओळखलं.

"कुठं होतं?"

"कणगीत. चकत्याही तिथंच ठेवत होते मी."

त्यांनी खवल उचललं नाही.

"म्हणजे तो शेवटचाच होता," ते म्हणाले.

मी म्हटलं, "भावजी, या रानातला. दुसरीकडे असतील."

"मग दोन वर्षं मी कोणाला राखत होतो?"

ते उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं.

पाध्ये मॅडमना मी फोन केला. खवल घरात बाळगणं हा गुन्हा, तो नोंदवायचा तर नोंदवा, असंही सांगितलं. त्या आल्या, पुरचुंडी मोहरबंद पाकिटात घातली, 'स्वतःहून जमा' असं लिहिलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. दोन परिषदांमध्ये त्या आमच्या खवल्यावर बोलून आल्या होत्या, त्यांचं हसं होणार होतं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला एक कोरी चकती तपासायची असते. पेटीत न लावलेली, पाकिटातली. तिच्यावर काही निघालं तर ते रानातलं नाही, आपल्या हातातलं. पहिलाच खवल्या मिळाला आणि मला ते सुचलंच नाही." मग म्हणाल्या, "मला तो खरा हवा होता, शेवंतीताई."

पंधरा दिवसांनी तपासणी आली. खवल आणि चकत्या, तोच नर. वरचा दर्जा गेला, मधला भाग उघडला, धनगरवाड्याची वाट मोकळी झाली. साठ दिवसांत दोन्ही मालकांनी सामान्य दर्जाच्या करारावर नव्याने सही केली नाही, तर भागीदारी संपली. मी त्याच दिवशी सही केली. भावजींनी कागद घेतला आणि आत ठेवला. ते आता रानात जात नव्हते. सकाळी पडवीत बसलेले दिसायचे. एकदा माझं परसातलं पाणी त्यांच्याकडे वाहत गेलं तर म्हणाले, "लोकांना सांगा गो, चर काढा म्हणावं." कोंबड्यांना.

पन्नासाव्या दिवशी ठेकेदार आला. हातात लाल रंगाचा डबा आणि कुंचला. तोडायच्या झाडांवर आकडे घालतात, त्याचा. भावजींनीच बोलावलं होतं. दोघं सकाळी आठला वर गेले आणि मी भांडी घासायला बसले, ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले. मी आता करणार काय होते? मागच्यासारखी सही अडवली असती, तर त्यांनी आपलं निम्मं रान वाटून घेतलं असतं.

दुपारी भागी आली. दूध घालून जुन्या वाटेने परत निघालेली, ती नाल्यावरून माघारी आलेली. म्हशी तिने ठेवल्या होत्या. लोण्याचा गोळा पानासकट माझ्यासमोर ठेवला आणि ऐसपैस बसली.

"तुझा दीर येडा झालाय काय गो?"

"का?"

"मी सकाळी उतरत होते तर दोघं नाल्यावर. ठेकेदार बेहड्याला कुंचला लावायला गेला तर हा म्हणतो, याच्यात ककणेर बसलीय, पिल्लं उडाल्याशिवाय नाय. पुढच्या किंजळाला गेला, तर शेकरूची घरटी. जांभळीला मोहोळ. एका ऐनाला काहीच नव्हतं, तर म्हणतो, याच्यावर घुबड येऊन बसतो, त्याला दुसरं झाड आवडत नाय. मी तिथं टोपली खाली ठेवून बघत बसले. आता वर जाताना बघते तर अजून तेच. ठेकेदार घामाने निथळतोय. म्हणाला, काका, मग तोडायचं काय?"

"मग?"

"अकरा झाडं दिली. खालच्या कडेची, सगळी बाहेरची अकेशिया."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. डोळे भरून आले होते, ते भागीने बघितलं आणि सुनेची कागाळी सुरू केली, मी सावरेपर्यंत.

ठेकेदार तीनच्या सुमारास जवळजवळ भरलेला डबा घेऊन खाली उतरला आणि मोटारसायकल सुरू करून गेला. भावजी संध्याकाळी आले. कुंपणाशी थांबले. माझी तांबडी कोंबडी तिथेच माती उकरत होती.

"लोकांना सांगा," ते तिला म्हणाले, "कागदावर सही केलीय. पण चकत्या यापुढे आमच्याकडे राहतील. चुलीवरच्या माळ्यात काचेची बरणी ठेवलीय, झाकणाची. आणि एक कोरी दर महिन्याला मॅडमकडे जाईल."

मी आत जाऊन उरलेल्या चकत्यांचा डबा आणला. मॅडमनी नव्या पाठवल्या होत्या, या जुन्या फेकायच्याच होत्या, पण त्या माझ्याकडे राहू नयेत असं मला वाटत होतं. फटीतून पलीकडे गेले आणि डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं, नाकाशी नेलं, वास घेतला.

"ह्याला अजून भाताचा वास येतोय, वैनी," ते म्हणाले.

"येणारच," मी म्हटलं. "चहा ठेवू?"

ते फटीतून माझ्यामागे आले.